आपली बॅटिंग चालू असताना

आमच्या कंपनीच्या टीमचा क्वार्टरबॅक सोमवार ते शुक्रवार आमच्याच मजल्यावर, कॉपी मशिनच्या शेजारी बसायचा आणि आम्हा भारतीय लोकांच्या भाड्याच्या घरांची व्यवस्था बघायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण ते कळल्याशिवाय काकांचं दुःख कळायचं नाही.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. मी पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर कावासाकीतल्या त्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आले, तेव्हा ते टेस्टिंगमध्ये सगळ्यात सीनियर होते आणि ऑफिसातली यच्चयावत मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणायची. नाव लिहीत नाही. वाचलं तर लगेच फोन करतील, आणि त्यांचा फोन म्हणजे भाजी करपलीच समजायची.

काकांना फुटबॉलचं वेड होतं. पायाने खेळतात तो नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यावर गाद्या बांधून एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो, अमेरिकन. जपानमध्ये काही कंपन्यांच्या स्वतःच्या टीम असतात. पोरं आठवडाभर नोकरी करतात आणि रविवारी हाडं मोडून घेतात. आमची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये होती. दर डिसेंबरात एक मॅच व्हायची. ती जिंकली की वरच्या डिव्हिजनमध्ये जायचं. आम्ही त्या मॅचपर्यंत दर वर्षी पोचायचो आणि दर वर्षी ती हरायचो. मी यायच्या आधीपासून हे चाललेलं होतं आणि कुणाला त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं, एकट्या काकांना सोडून.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे मी पहिल्याच रविवारी त्यांना विचारलं. प्रत्येक वेळी चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो आणि तो घेऊन पळायचं की लांब कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो तो, एवढं साधं उत्तर होतं. काका म्हणाले, "ज्याच्यामुळे आपण हरतो, तो. तो बघ, पाच नंबर. आता थोडा वेळ चेंडू कवटाळून उभा राहील, आणि मग अगदी प्रेमाने समोरच्यांच्या हातात देईल."

थोड्या वेळाने पाच नंबरने तसंच केलं.

"बघितलंस? मी सांगितलं होतं की नाही!" काकांच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख होतं, पण बरोबर ठरल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

काका अख्खा खेळ क्रिकेटच्या भाषेत सांगायचे. चेंडू आपल्याकडे असला की आपली बॅटिंग, त्यांच्याकडे असला की आपली बोलिंग. आता गंमत अशी, की या खेळात आपली बॅटिंग चालू असताना आपल्या लोकांनी गप्प बसायचं असतं. क्वार्टरबॅक आपल्या गड्यांना ओरडून इशारे देत असतो, ते त्यांना ऐकू यायला हवेत. गोंगाट करायचा तो समोरच्यांच्या बॅटिंगला. आमच्या स्टँडमध्ये कँटीनमधून रिटायर झालेल्या एक बाई होत्या. आपली बॅटिंग आली की त्या पहिल्या रांगेत उभ्या राहून 'कृपया शांतता' अशी जपानी पाटी डोक्यावर धरायच्या. अख्खा स्टँड चिडीचूप. आणि त्या शांततेत सगळ्यात वरच्या रांगेतून काकांचा आवाज यायचा, "अरे फेक! फेक की आता! अंडी उबवतोयस काय!"

बाई मागे वळून हसून मान लववायच्या. पाटी थोडी उंच करायच्या. काकांनी आपल्या 'जी'सारखं जपानी 'सान' लावून त्यांचं नाव पाटीवाली-सान ठेवलं होतं.

"काका, गप्प बसायचं असतं ना?" मी एकदा म्हटलं.

"आपला माणूस बॅटिंगला आहे आणि गप्प बसायचं? मयताला आलोय का आपण?" काका म्हणाले. "आणि मराठीत ओरडतोय मी. कुणाला कळतंय?"

यात तथ्य होतं. या देशात मनातलं मोठ्याने बोलायची त्यांना तेवढीच एक जागा होती. ऑफिसात सगळं खालच्या पट्टीत. घरी काकू त्यांचं ऐकून ऐकून दमलेल्या. मुलगी इथेच वाढलेली; काका मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, तेही फोनमधून मान वर न करता. "माझं या देशात कुणी ऐकत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते हसत म्हणायचे, पण म्हणायचे फार वेळा.

खरी पंचाईत सोमवारी व्हायची. ज्याला रविवारी 'जा घरी, नारळ द्या त्याला कुणीतरी' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले, तो सोमवारी सकाळी कॉपी मशिनशेजारी उभा राहून कमरेत वाकायचा. "काल थंडीत आलात, फार आभारी आहे." आणि माणूस इतका सज्जन की काय सांगू. मला स्टेशनजवळचं घर त्यानेच मिळवून दिलं होतं. घरमालकाला मसाल्याच्या वासाची भीती वाटत होती, तर हा स्वतः जाऊन त्याची समजूत घालून आला. काकूंचा पाय मोडला तेव्हा हॉस्पिटलात घेऊन गेलेला तोच. अशा माणसाला तोंडावर कोण बोलणार? काका त्याच्याहून खाली वाकायचे आणि जागेवर येऊन मला हळूच म्हणायचे, "कालचा तिसरा पास म्हणजे न जळणारा कचरा होता."

हेही त्यांचंच. जपानमध्ये घरचा कचरा वेगवेगळा करून टाकावा लागतो, आणि काका पासांनाही तेच प्रकार लावायचे. साधा चुकलेला पास म्हणजे जळणारा कचरा, येतो जातो. समोरच्याच्या हातात गेलेला म्हणजे न जळणारा. आणि खुद्द क्वार्टरबॅक म्हणजे मोठा कचरा. जुनं कपाट, फ्रीज वगैरे टाकायचं असलं की वॉर्ड ऑफिसला आधी फोन करून गाडी बोलवावी लागते, त्यातला. "आणि ती गाडी बोलवायची कुणी? आमच्या बुचो-सानांनी! ते बोलवतील?"

बुचो-सान म्हणजे आमचे विभागप्रमुख. तेच टीमचे कोच. म्हणजे काकांचा बॉसही तोच आणि काकांचा शत्रूही तोच. त्यांची पद्धत ठरलेली: पहिल्यांदा मधून पळायचं, दुसऱ्यांदा मधून पळायचं, तिसऱ्यांदा फेकायचं. "तिसऱ्यांदा फेकणार हे आता समोरच्या टीमच्या बायकापोरांनाही पाठ झालंय," काका म्हणायचे. एका वर्षी बुचो-सानांनी काकांच्या मूल्यमापनात 'नवीन कल्पना सुचवण्यात कमी पडतात' असा शेरा दिला. काका तो शेरा घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले. "मी? मी कमी पडतो? आणि हा गृहस्थ सगळ्यांना मधूनच पळवतो!"

बाकावर एक तरुण क्वार्टरबॅक होता, उंच, चपळ. पण सीनियर असताना ज्युनियरला खेळवायचं हे बुचो-सानांच्या रक्तात नव्हतं. पोरगं बाकावर बसून बसून लग्न होऊन बाप झालं.

जेवणाच्या सुट्टीत काका कँटीनच्या टेबलावर कालची मॅच पुन्हा मांडायचे. सोया सॉसची बाटली म्हणजे क्वार्टरबॅक, टूथपिक म्हणजे पुढचे दांडगे गडी, माझ्या ताटातले मटार म्हणजे समोरचे शत्रू. एकदा ते बाटली हातात धरून मला दाखवत होते, "हा असा, ठोंब्यासारखा उभा," तेवढ्यात मागून आवाज आला, "इथे बसू का?" खुद्द पाच नंबर, हातात ट्रे. काकांनी क्षणभर बाटलीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी अदबीने ती त्याच्यापुढे केली. त्याने आभार मानून टोफूवर सॉस घातला. मी मटार खाऊन टाकले.

पण दुसऱ्या कुणी त्याला बोललं तर काका खवळायचे. टोकियोतल्या एका बँकेतले ओळखीचे गृहस्थ गणपतीच्या जेवणाला म्हणाले, "तुमची ती टीम काय हो, दर वर्षी तोंडावर आपटते! तो क्वार्टरबॅक तर अगदीच बावळट दिसतो." काकांनी हातातला मोदक खाली ठेवला. "तुम्ही कधी सहा फुटी माणसं अंगावर घेतलीयत का? नाही ना? मग तूप वाढा." परतताना मी म्हटलं, "तुम्ही तर त्याला ठोंब्या म्हणता." तर म्हणाले, "मी म्हणणार. तो आपला आहे. ह्यांचा कोण लागतो?"

त्सुकुबाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. तिथल्या एका संशोधन संस्थेच्या टीमकडून आम्ही हरलो. चष्मे लावून खेळतात की काय अशी ती टीम, आणि तिच्याकडूनही हरलो. काकांनी त्या दिवशी आवाजाची कमाल केली. "अरे फेक! फेकून दे आणि तूही जा!" मग परतीच्या गाडीत बसलो तर समोरच्या बाकावर पाच नंबर, भल्यामोठ्या बॅगेसह, नाकात कापूस. उठून वाकला. "एवढ्या लांब आलात." टोकियोतल्या अकिहाबारापर्यंतचा प्रवास समोरासमोर. काका आधी खिडकीबाहेर बघत राहिले, मग पायाशी बघत राहिले, मग न राहवून त्यांनी काकूंच्या चकल्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक घेतली. काकांनी डबाच त्याच्या मांडीवर ठेवला. "खा बाबा, खा," मराठीतच म्हणाले. गाडी पोचेपर्यंत डबा रिकामा झाला.

मग काकांच्या रिटायरमेंटचं वर्ष आलं. मार्चमध्ये ते आणि काकू कोथरूडला परत जाणार होते. मुलगी टोकियोतच राहणार होती. घरातली खोकी भरायला सुरुवात झाली होती, आणि काकांना एकच गोष्ट हवी होती. "एकदा टीम वर गेलेली बघायची. एकदाच. मग खुशाल खाली या, मी बघायला नसेन." टीमने त्यांचा मान ठेवला आणि नेहमीप्रमाणे डिसेंबरच्या मॅचपर्यंत पोचली.

मॅचच्या आदल्या शुक्रवारी पाटीवाली-सान ऑफिसात आल्या. चांगला कोट, हातात कापडात गुंडाळलेला मिठाईचा डबा. काकांच्या टेबलापाशी येऊन त्यांनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि इतक्या खाली वाकल्या की आजूबाजूचं टायपिंग थांबलं. "फार स्वार्थी विनंती आहे," त्या म्हणाल्या. "परवाच्या एका मॅचला, आपली बॅटिंग असताना..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरजही नव्हती.

त्या गेल्यावर काका लालेलाल. "तोंडावर सांगितलं गं तिने! जपानी बाईने, तोंडावर! म्हणजे किती वर्षं मनात धरून ठेवलं असेल. शेवटच्या मॅचला मलाच गप्प करतात. मी येतच नाही!"

काकूंनी शांतपणे तोड काढली. "लहानपणी आम्ही बहिणी भांडायला लागलो की आई दोघींच्या तोंडात पाण्याचा घोट द्यायची. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. तुम्हीही तोंडात पाणी धरून बसा. आणि टीम वर जायला हवीय की ओरडायला हवंय, ते एकदा ठरवा."

काका गेले. थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन गेले.

नदीकाठचं मैदान, बोचरा वारा. मी डावीकडे, काकू उजवीकडे, मध्ये काका. आपली बॅटिंग आली की घोट भरायचा, गाल फुगवायचे आणि डोळे वटारून बसायचं. डाव संपला की गिळायचा. बोलिंगला मात्र मोकळे सुटायचे आणि मागची पुढची सगळी कसर भरून काढायचे. पाटीवाली-सान प्रत्येक वेळी वळून बघायच्या आणि काकांचे फुगलेले गाल बघून मान लववायच्या. पाणी पोटात जात होतं, थंडी वाढत होती आणि काकांची चुळबूळ कशामुळे चालली आहे हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. "जाऊन या," काकू म्हणाल्या. काकांनी मानेनेच नाही म्हटलं.

शेवटाला आलं तेव्हा आम्ही थोडक्यात मागे होतो. चेंडू आपल्याकडे, शेवटची रेषा समोर दिसत होती आणि वेळ उरला होता एका डावापुरता. पाच नंबरने चेंडू रेषेपलीकडे नेला तर आम्ही वर. नाही तर काका कोथरूडला.

काकांनी घोट भरला. माझा हात धरला.

पाच नंबरच्या हातात चेंडू आला. तो मागे सरकला आणि उभा राहिला, नेहमीसारखा. समोरून दांडगे धावून येत होते. त्याने मान वळवून वर, आमच्याकडे बघितलं. परत समोर. परत आमच्याकडे. काकांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण तोंडातलं तोंडात होतं. आणि मग पाच नंबरने, जो गाडी सुटत असतानाही कधी धावला नसेल, चेंडू पोटाशी धरला आणि पळाला. पळणं तरी काय, म्हशीसारखं. एक जण चुकवला, दुसरा पायाला लोंबकळला, तिसरा पाठीवर बसला, आणि त्या सगळ्यांना घेऊन तो रेषेपलीकडे धाडकन पडला.

काकांच्या तोंडातलं सगळं पाणी पुढच्या दोन रांगांवर उडालं. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. पाटी हवेत उडाली. काका मला, काकूंना आणि एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारून रडत होते. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला त्या खेळातलं तेव्हाही धड कळत नव्हतं.

टीमने रांगेत उभं राहून स्टँडला नमस्कार केला. मग पाच नंबर, चिखलाने भरलेला, कठड्यापाशी आला आणि त्याने काकांना हाक मारली. आम्ही खाली गेलो. मला वाटलं, आता अभिनंदन वगैरे.

"आज तब्येत बरी नव्हती का?" त्याने काळजीने विचारलं.

"का?" काका म्हणाले.

"आवाज आला नाही." तो जरा अवघडला. "मी बुटका आहे. समोर सगळ्या उंच पाठी. मोकळा कोण आहे, मला तिथून दिसत नाही. तुम्ही सगळ्यात वर बसता. पहिल्याच वर्षी मी ऑफिसात एकाला 'फेक'चा अर्थ विचारून ठेवला होता. तेव्हापासून तुम्ही फेक म्हणालात की मी फेकतो. आज वाट बघितली, पण तुम्ही काही म्हणाला नाहीत. मग दुसरं काही सुचेना, म्हणून पळालो." आणि तो कमरेत पूर्ण वाकला. "इतकी वर्षं मार्गदर्शन केलंत. फार उपकार झाले."

मागे बुचो-सान उभे होते. त्यांनीही मान लववली. "मी विचारायचो त्याला, प्लॅन पळायचा होता, मग फेकलास का? म्हणायचा, वरून सांगितलं. मला वाटायचं, तुम्हाला वरून नीट दिसत असेल."

काका वाकले.

आम्ही गाडीत बसलो. दोन स्टेशनं गेल्यावर काका म्हणाले, "अगं, मला काय दिसणार? माझा लांबचा नंबर केवढा! वरून मुंग्या दिसायच्या मुंग्या. मोकळा कोण आहे ते मी कधी बघितलंच नाही. मी आपला घड्याळ बघून ओरडायचो."

मी ओठ चावत बसले होते. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"म्हणजे इतकी वर्षं कोच..."

"तुम्ही होतात," काकू म्हणाल्या.

"मग काढायला हवं होतं मला!" काका ओरडले. डब्यातली माणसं दचकली. "कधीच काढायला हवं होतं!" आणि मग हसायला लागले, आम्हीही हसलो, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "पण ऐकायचा गं तो माझं. एक शब्द खाली पडू दिला नाही. आणि मी म्हणत होतो, या देशात माझं कुणी ऐकत नाही."

मार्चमध्ये ते गेले. घराची चावी परत घ्यायला पाच नंबरच आला होता. काकूंनी त्याला चकल्यांचा डबा दिला.

वरच्या डिव्हिजनमध्ये आमची यथेच्छ धुलाई चालू आहे. पाच नंबर आता खेळत नाही. बाकावरचं ते पोरगं खेळतं, आणि तेही प्रेमाने चेंडू समोरच्यांच्या हातात देतं. बुचो-सान अजून मधूनच पळवतात. मॅच ऑनलाइन दिसते. इथे दुपार असते तेव्हा कोथरूडमध्ये सकाळचा चहा चालू असतो. गेल्या रविवारी आम्ही इतके वाईट खेळत होतो की मला राहवेना. मॅच चालू असतानाच मी स्टँडमधून काकांना फोन लावला. म्हटलं, चार शिव्या ऐकून तरी बरं वाटेल.

फोन काकूंनी उचलला. आवाज दबका.

"नंतर कर गं," त्या म्हणाल्या. "आत्ता नाही बोलता यायचं त्यांना. आपली बॅटिंग चालू आहे, तोंडात पाणी धरून बसलेत."